वाघजाईच्या पाण्याची शर्यत

संक्रांतीला आम्ही मुळशीला पळत गेलो होतो, असं सांगितलं की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कशाला? एस.टी. जाते की. या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही. ज्याला पळण्यातलं सुख कळत नाही त्याला ते सांगून कळायचं नाही, आणि ज्याला कळतं तो विचारत नाही. मात्र तिकडे जे घडलं ते सांगण्यासारखं आहे. आमच्या क्लबातले पुरुष ते सांगत सुटलेच आहेत, पण त्यांच्या सांगण्यात शर्यत तेवढी असते आणि बाकीचं सगळं गाळलेलं असतं. तेव्हा म्हटलं, आपणच लिहावं.

आमचा क्लब थंडीचा. दसरा झाला की जागा होतो आणि शिवरात्रीनंतर झोपतो. रविवारी पहाटे शर्यती, आणि सणावाराला नुसतीच दौड. शर्यतीत घड्याळ असतं, मान असतो, भांडणंही असतात. सणाच्या दौडीत यातलं काही नाही. गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं सगळ्यांनी मिळून पळायचं. मी मुलींच्या शाळेत कवायत शिकवते आणि क्लबातल्या आम्ही ज्या मोजक्या बायका आहोत त्यांची पुढारी मीच. एरवी पाचवारी नेसते, पण पळताना नऊवारी, काष्टा घट्ट मारून. त्यापेक्षा सोयीचा पोशाख पळायला नाही हे मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे.

क्लबचे कप्तान बापू. सरकारी कचेरीत नकाशे काढतात, आणि स्वतःलाही त्यांनी तशाच सरळ रेघांनी आखून घेतलंय. पहाटे उठणं ठरलेलं, झोपणं ठरलेलं, आणि शर्यतीच्या आदल्या दुपारनंतर दुसऱ्याच्या चुलीवरचा घास वर्ज्य. त्यांच्या खांद्याला एक पिशवी असते. तिच्यात खजूर, फुटाणे आणि गूळ. त्यावरच ते शर्यत पळतात आणि नेहमी पहिले येतात, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलू शकत नाही. मी बोलते, पण ते ऐकत नाहीत.

पुणे ते पौड

मराठी भाषकांचं नवं राज्य झाल्यानंतरची ही पहिलीच संक्रांत, म्हणून यंदा दौड मोठी काढायची असं ठरलं. पहिला दिवस शर्यतीचा. पुरुष कोथरुडातून निघून थेट पौडला जाणार. बायकांनी बावधनपासून पिरंगुटपर्यंत पळायचं आणि पुढं एस.टी.नं यायचं. बावधनच्या शिवारात ज्वारी कमरेच्या वर आली होती आणि पानांवर दव होतं. आम्ही ओळीनं उभ्या राहिलो तेव्हा बांधावर हुरडा भाजत बसलेल्या दोघी-तिघी उठून जवळ आल्या आणि आमच्या बुटांकडे बघत राहिल्या.

भूगावच्या पुढं मागून एस.टी. आली, माझ्याशेजारी मंद झाली, आणि ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "ताई, कोन मागं लागलंय?"

"कुणी नाही. शर्यत आहे."

"मग बसा की गाडीत. म्होरं सोडतो, कुनाला कळनार न्हाई."

त्या माणसाचं मन मोठं होतं, म्हणून मी हसून हात जोडले. ती शर्यत मी जिंकले. विनयानं सांगायचं तर थोडक्यात जिंकले, आणि खरं सांगायचं तर इंदू घाटाच्या उतारावरच मागं पडून दिसेनाशी झाली होती. इंदू माझी मैत्रीण आणि आमच्यातली दुसऱ्या क्रमांकाची पळणारी. तिच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुटला होता आणि तो हातात घेऊन ती एका पायानं अनवाणी पिरंगुटला पोहोचली. तिथल्या हॉटेलात कांदाभजी खाताना तिनं तो तळ टेबलावर आमच्या मधोमध ठेवला होता. पौडला चांभारानं तिला मोटारीच्या टायरचा तुकडा ठोकून दिला. त्या एकट्या बुटाचं वजन दोन बुटांइतकं झालं, पण पुढचे दोन दिवस तो टिकला आणि दुसरा, न दुरुस्त केलेला, तेवढा फाटला.

भोगी

पौडच्या पुढं रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरतो. पावसाळ्यात या मुलखात माणूस दाराबाहेर पडत नाही म्हणतात; पौषात मात्र गवत वाळून पिवळं झालेलं, आभाळ स्वच्छ, आणि धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा असा की कानशिलं बधिर होतात. आज दौड सणाची होती. कुणी अभंग म्हणत होतं, कुणी सिनेमाची गाणी. एका वळणावर धनगराची मेंढरं रस्ताभर पसरली होती, ती बाजूला होईपर्यंत आम्ही जागच्या जागी उड्या मारत उभे राहिलो. धनगरानं काठीवर हनुवटी टेकून आमच्याकडे निवांत पाहिलं.

"थंडी वाजतीया व्हय?" तो म्हणाला. "घोंगडं देऊ का?"

मुक्काम सावळेगावात होता. सावळेगाव म्हणजे आता दोन वाड्या. मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा अर्धी माणसं डोंगराच्या खांद्यावर जाऊन राहिली, ती वरची वाडी. अर्धी पाण्याच्या काठालाच धरून राहिली, ती खालची. वरच्या वाडीत शाळा आहे, तिथल्या मास्तरांनी पुरुषांची झोपण्याची सोय शाळेत केली होती. बायका खालच्या वाडीत धोंडिबा आणि सोनाबाई यांच्या घरी. घर मोठं होतं आणि रिकामं होतं. दोन्ही मुलगे मुंबईत गिरणीत. खालच्या वाडीतली बहुतेक दारं अशीच कुलपात.

दुपारचं जेवण मात्र सगळ्यांचं सोनाबाईंकडेच झालं. आमच्याकडे भोगीला बाजरीची भाकरी तीळ लावून करतात. इथं भातशेती, तेव्हा भाकरी तांदळाची, पण तीळ तसेच लावलेले. भाजीत वाल, घेवडा, वांगं, गाजर, आणि वरून खोबऱ्याऐवजी कारळ्याचं कूट. पहिल्या घासाला मी जरा थबकले, दुसऱ्याला पुण्याची भोगी विसरले. दुसऱ्या दिवशी शर्यत नसतानाही बापूंनी सवयीनं आपलं घड्याळ पाहिलं, अजून दुपार आहे अशी खात्री करून घेतली आणि चार भाकऱ्या खाल्ल्या. सोनाबाई वाढताना म्हणाल्या, "असं खानारं मानूस लई दिसांनी आलं घरात."

पुरुष वर निघून गेले. उन्हं कलल्यावर सोनाबाई मला पाण्याच्या काठी घेऊन गेल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, ठेंगणी, बोलणं चटचटीत. लग्न होऊन आल्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, आणि वरात उतरली ती वाघजाईच्या देवळापाशी. त्या देवळाच्या बरोबर वरचं पाणी त्यांनी मला बोटानं दाखवलं. समोरच्या डोंगराची खाच आणि अलीकडचा एक पांढरा धोंडा एका रेषेत धरला की तिथं खाली देऊळ. देवी माणसांनी पाणी चढायच्या आधीच उचलून नव्या देवळात नेली होती, दोन्ही वाड्यांच्या मधल्या टेकाडावर.

"पर तिला आंगोळ ह्याच पान्याची लागती," सोनाबाई म्हणाल्या. "सक्रांतीला."

मग त्यांनी शर्यतीची रीत सांगितली. संक्रांतीच्या सकाळी दोन्ही वाड्यांची माणसं इथं तांब्या भरून घेतात आणि टेकाडावर पळत जातात. ज्याचं पाणी आधी पोहोचेल त्याच्या वाडीत देवीचा चांदीचा मुखवटा वर्षभर राहायला जातो. ज्या घरात तो असेल तिथं दोन्ही वेळा दिवा, रोजचा नैवेद्य, आणि घर एक रात्रही बंद ठेवायचं नाही. खालच्या वाडीत तो मान सोनाबाईंच्या घराचा. पण मुलगे मुंबईला गेल्यापासून खालून पळायलाच कुणी नव्हतं, आणि मुखवटा कैक वर्षं वरच होता.

"यंदा थोरला येनार व्हता. रजा न्हाई मिळाली," त्या म्हणाल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

पुढचं मला धोंडिबांनी सांगितलं, घरी, चुलीपुढं रात्रीचं जेवताना. मुलगा लालबागला बोलावत होता. खोली लहान होती, पण पोरंबाळं होती, डॉक्टर होता. धोंडिबांनी जायचं ठरवलं होतं. सोनाबाईंना जायचं नव्हतं. शेवटी नवरा-बायकोत एवढं ठरलं, की संक्रांतीपर्यंत थांबायचं. देवी घरी आली तर राहायचं, नाही आली तर घराला कुलूप.

"द्येवी आली तर म्या कोन जानार? तिला टाकून जाता येत न्हाई," धोंडिबा म्हणाले. "आन न्हाई आली, तर तिलाच आमी हितं नगं."

हे ते शांतपणे म्हणाले, पण सोनाबाईंनी चुलीतलं लाकूड असं काही मागं ओढलं की घरभर धूर झाला.

मी विचारलं, पाहुणा पळाला तर चालतं का. धोंडिबा म्हणाले, न चालायला काय झालं. ज्या वाडीची भाकरी पोटात, त्या वाडीचं माणूस. आणि बाई? त्यावर सोनाबाईंना हसू आलं. "पानी कोन आनतं, ताई? बायाच की. त्यात इचारायचं काय?"

"मग उद्या तुमच्या वाडीकडून मी पळते," मी म्हटलं. "आणि जिंकते."

मला यात जराही शंका नव्हती. वाडीवरची माणसं काटक असतात, पण मी रोज सराव करते. सोनाबाईंनी माझ्या पावलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

एवढ्यात इंदू वरून आली. पुरुषांना निरोप सांगायला गेली होती, ती तोंड पाडून परतली. वरच्या वाडीच्या रामजी पाटलांनी बापूंना गाठलं होतं. तुम्ही आमच्या शाळेत उतरलात, आज आमच्याकडे जेवणार, तेव्हा उद्या आमच्याकडून पळा. शर्यत म्हटल्यावर बापू कधी नाही म्हणाले आहेत का? ते हो म्हणून बसले होते. सोनाबाईंनी ते ऐकलं. दुपारी चार भाकऱ्या खाणारा तो माणूस काय चीज आहे हे त्यांना इंदूच्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

संक्रांत

सकाळी पाण्यावर धुकं होतं. दोन्ही वाड्या काठावर जमल्या होत्या. वरची वाडी गर्दीनं, खालची मूठभर. बापू एका बाजूला हातपाय मोकळे करत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मुलगा, लालबाग, कुलूप, काही ठेवलं नाही.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं हेही दिसलं. मग म्हणाले, "कुसुमताई, हे मला काल माहीत असतं तर मी शब्दच दिला नसता. आता दिलाय."

"मग सावकाश पळा."

"मुद्दाम हरायला मला येत नाही. आणि तुम्हाला तरी असं जिंकलेलं आवडेल का?"

आवडलं नसतं. पण त्या वेळी मला ते कबूल करायचं नव्हतं. तुमच्या नकाशातल्या रेघांना माणसं दिसत नाहीत, असं काहीतरी मी त्यांना बोलले आणि तांब्या भरायला गेले. सोनाबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी माझा तांब्या स्वतः भरला, डोंगराची खाच आणि धोंडा डोळ्यांनी एका रेषेत धरून, आणि त्यावर माझा तळहात दाबून बसवला.

पाटलांनी हात खाली केला आणि आम्ही सुटलो. आधी भाताच्या कोरड्या खाचरांमधून, बांधांवरून उड्या मारत; मग ओढा; मग कारवीच्या रानातून सरळ चढ. एका हातात तांब्या आणि दुसरा त्यावर झाकण, म्हणजे तोल सावरायला हात नाहीत. वाडीवरचे गडी ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर होते. चढाला मी त्यांना मागं टाकलं. माझा श्वास उत्तम होता, पाय उत्तम होते, त्या दिवसाइतकी चांगली मी आयुष्यात पळाले नसेन. आणि बापू माझ्यापुढं होते. त्यांच्या पाठीवरचा शर्ट मला कारवीतून दिसत होता, मग फक्त हलणारी कारवी दिसू लागली, मग तीही थांबली. मी टेकाडावर पोहोचले तेव्हा त्यांचा तांब्या देवळाच्या पायरीवर ठेवलेला होता. काठोकाठ भरलेला.

मी दुसरी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मागून सगळे आले, शेवटी धोंडिबा आणि त्यांच्या हाताला धरून सोनाबाई. सोनाबाईंनी पायरीवरचा तांब्या पाहिला, पायरीजवळ उभे असलेले बापू पाहिले, आणि देवीपुढं हात जोडून डोळे मिटून घेतले. धोंडिबांनी पागोटं काढलं, झटकलं आणि पुन्हा बांधलं.

आता देवीपुढं विचारणं असतं. रीत म्हणून पाटील पहिल्या आलेल्याला विचारतात आणि तो उत्तर देतो, मग अंघोळ. पाटील आधीच हसत होते.

"पावणं, द्येवीम्होरं सांगा. कुनाच्या भाकरीवर पळालासा?"

  बापूंनी चष्मा काढून पुसला.

"भाकरी मी काल दुपारी खाल्ली," ते म्हणाले. "सोनाबाईंच्या घरी. त्यानंतर माझ्या पोटात फक्त माझे खजूर आहेत."

पाटलांना ते समजायला वेळ लागला. "आन काल सांजचं? आमच्याकडं कोंबडी कापली की तुमच्यासाटी."

"मी जेवलो नाही. शर्यतीच्या आधी मी बाहेरचं जेवत नाही. तुमच्या मंडळींना सांगितलं होतं मी."

सगळ्या माना पाटलीणबाईंकडे वळल्या. त्या बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर आदल्या संध्याकाळचा राग अजून शिल्लक होता. "ताट हाय तसं माघारी आलं," त्या ठसक्यात म्हणाल्या. "म्या म्हनलं, पुन्याचं मानूस, आपल्या हातचं गोड लागत नसंल."

कुणीतरी म्हणालं, पण कबूल तर वरच्या वाडीकडून झाले होते. दुसरं कुणी म्हणालं, कबूल झाल्यानं पोट भरतं का. थोडा गलका झाला. बापू तिथंच उभे होते, आपण काय करून बसलो याचा त्यांना अजून पुरता उलगडा झालेला नव्हता. त्यांच्या हिशेबी त्यांनी पाटलांना दिलेला शब्द पाळला होता, शर्यत जीव लावून जिंकली होती, आणि विचारल्यावर खरं सांगितलं होतं. मला त्या क्षणी त्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं की सकाळचे माझे शब्द मीच गिळले.

रामजी पाटलांनी एकदा देवीकडे पाहिलं. मग गलका करणाऱ्यांकडे वळले.

"रीत आपली हाय. आपल्याला पायजे तवा पाळायची आन नगं तवा सोडायची, असं व्हत न्हाई," ते म्हणाले. "धोंडिबा, म्होरं ये. पानी घाल."

 सोनाबाईंनी धोंडिबांना मागून ढकललं. बापूंच्या तांब्यातलं पाणी धोंडिबांनी देवीवर घातलं, आणि पाटलांनी माझाही तांब्या मागून घेऊन त्यावर रिता केला. आणलेलं पाणी परत न्यायचं नसतं म्हणाले. मग वरच्या वाडीतून आणलेला मुखवटा पालखीत बसला आणि वरच्या वाडीच्या गड्यांनीच पालखी उचलली, कारण खालच्या वाडीकडं उचलायला खांदे पुरेसे नव्हते. बापूंनी एक दांडी धरली. तिळगूळ वाटत, ढोल वाजवत सगळे उतरलो. पाटलीणबाई माझ्या बरोबरीनं चालत होत्या. मी त्यांना तिळगूळ दिला, त्यांनी मला हलवा दिला आणि विचारलं, "ह्यो तुमचा बापू घरी तरी जेवतो का?" मी म्हटलं, पुढच्या वेळी शर्यत झाल्यावर त्यांना ताट वाढा, मग बघा.

सोनाबाईंनी ओटी सारवून ठेवलेली होती. कधी सारवली, कुणाला ठाऊक. मुखवटा कोनाड्यात ठेवला, दिवा लावला, आणि सोनाबाईंनी देवीला दंडवत घातला त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही. धोंडिबांनी नमस्कार केला आणि मान वर करून आढ्याकडे पाहिलं. कौलं जागोजाग सरकली होती, त्यातून उन्हाच्या तिरिपी आत आल्या होत्या, आणि त्यातली एक नेमकी कोनाड्याच्या कडेवर पडली होती. कुलूपच लावायचं म्हणून त्यांनी गेल्या पावसानंतर छपराला हात लावलेला नव्हता.

"हितं गळतंय," ते स्वतःशीच म्हणाले. "आखाडात द्येवीच्या डोस्क्यावर पानी पडंल." आणि बाहेर गेले.

जेवणं झाल्यावर आमची निघायची वेळ झाली. पौडपर्यंत पळायचं, तिथून गाडी. सगळे रस्त्याला लागले, बापू सर्वांत मागं, कारण त्यांनी आज सोनाबाईंकडे पोटभर पुरणपोळी खाल्ली होती आणि त्यांच्यानं पळवत नव्हतं. मी सोनाबाईंचा निरोप घ्यायला परसात गेले. छपरावर धोंडिबा मोडकी कौलं काढून एकेक खाली टाकत होते. सोनाबाई शिडी दोन्ही हातांनी गच्च धरून उभ्या होत्या, नजर वर.

मी पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "हितनंच रामराम, ताई. म्हातारा वर चढलाय, शिडी सोडता येत न्हाई."